तिरफल

अजमानच्या मासळीबाजारामागे, फोटोकॉपीच्या गल्लीत
माझं टेबल. टायपिंग सेंटर.
अर्जाला पंधरा दिरहम, अरबीत हवा तर पंचवीस.
व्हिसा, भाडेकरार, शाळेचे दाखले,
मेलेल्या माणसाच्या सामानाची यादी,
सगळं याच दहा बोटांखालून जातं.

सात वर्षांपूर्वी झुलेखा परकार आली, हर्णैची.
पिशवीत डबा, डब्यात मसाला.
झाकण काढलं तशी
रांगेतली तीन माणसं शिंकली.
“लेबल करून दे. नाव तिरफळ.
वर एक डहाळी काढ, हिरवी, तीन फळांची. बाकी नटवू नको.”
डहाळी मी काढली, नाव टाइप केलं,
घाईत शिफ्ट दाबायचं राहिलं.
ळ च्या जागी ल.
पाचशे लेबलं छापून झाल्यावर तिने बघितलं.
आधी लेबलाकडे, मग माझ्याकडे,
मग पुन्हा लेबलाकडे.
“ऱ्हाऊ दे,” म्हणाली. “मासा ताटात आला की कोण वाचतंय.”

गेल्या थंडीत ती आली ती पाकीट आपटतच.
दुबईच्या सुपरमार्केटातलं, चकचकीत, झिप लावलेलं.
तीच डहाळी. तीच तीन फळं,
डावीकडचं जरा चेपलेलं, मी चेपलं होतं तसंच.
आणि खाली मोठ्या अक्षरांत: तिरफल.
चोराने चूकसुद्धा उचलली होती.
मला हसू आलं.
तिला नाही.

वरच्या मजल्यावर उस्ताद वजदी बसतात, इजिप्तचे,
चहात पाच चमचे साखर.
त्यांनी लायसन्स उलटंपालटं केलं.
“हे अजमानचं. दुकानाचं नाव. याचा हात वेशीपर्यंत.
चिन्ह मात्र देशाचं असतं, मंत्रालयात नोंदवायचं.
तुम्ही खोलीला कुलूप लावलंत, बाई,
बिल्डिंगचं दार सात वर्षं सताड उघडं.”
झुलेखा गप्प. सात वर्षांची बिलं
तिने बिर्याणीच्या टोपात भरून आणली होती.
“आणि मसाल्याची कृती? तीही लिहून देऊ?”
“छे! गुपित झाकलेलं आहे तोवरच कायदा त्याला गुपित म्हणतो.”
ती मान हलवत राहिली.
धणे भाजायला दिलमाया आहे, नेपाळची,
पण मोजमापाच्या वेळी झुलेखा तिला
अजून कोथिंबीर आणायला पाठवते.

मग त्यांनी दोन्ही पाकिटं शेजारी ठेवली.
“ही अक्षराची चूक कुणाची?”
मी हात वर केला, शाळेतल्यासारखा.
“छान. खरा शब्द सगळ्यांचा असतो,
झाडाचं नाव कुणाला एकट्याला मिळत नाही.
चूक मात्र तुमची. ती नोंदवू.”

म्हणून मीच तो अर्ज टाइप केला.
वर्ग तीस, मसाले. रंग हिरवा. फळं तीन.
अरबी रकान्यात तर ळ ला जागाच नव्हती,
त्या लिपीला तो कधी भेटलेलाच नाही.
फी भरताना तिने दोन बांगड्यांची पावती दाखवली,
मला नाही, उस्तादांना,
पण मी बघितली.
नंतर हरकतींसाठी तीस दिवस.
रोज संध्याकाळी ती काचेवर टकटक करायची,
मी मान हलवायचो, ती पुढे जायची.

हरकत आली नाही. नोटीस गेली आहे.
दुबईतली पाकिटं अजून फळीवर आहेत, म्हणतात,
मागच्या रांगेत सरकलेली.

काल ती नव्या लेबलांसाठी आली.
मी विचारलं, आता तरी ळ घालू?
“खबरदार!” म्हणाली. “शिफ्टला हात लावशील तर.”
जाताना मी पंधरा दिरहम मागितले.
तिने पर्स उघडली, बघितलं, बंद केली.
“त्या एका अक्षराचे मी आधीच भरलेत.”