चौथं रीळ

प्रिंट एकच, टॉकीजा दोन.
मोहिनीत साडेनऊला सुरू, वीरेशला सव्वादहाला,
आणि मधे आम्ही दोघं, मी आणि पोचय्या,
कॅरिअरला पत्र्याचा डबा आवळून
एका अंधारातून दुसऱ्या अंधारात.
दोन, चार, सहा नंबरची रिळं माझी.
रोजचा दीड रुपया, वर मैनुद्दीन ऑपरेटरचा अर्धा चहा.

सिनेमा इटलीत काढलेला, म्हणे.
गाव अमेरिकेतलं, माणसं भलतीकडची,
इंग्रजी मागाहून चिकटवलेली;
ओठ आधी मिटायचे, शब्द नंतर यायचा.
पूर्वभागात कुणाला खटकलं नाही.
घरात तेलुगू, शाळेत मराठी, उधारी मागताना कानडी,
आमचे तरी ओठ आणि आवाज
कधी एका वेळी पोचले होते?
जमीन तर ओळखीचीच, बोरामणीचा माळ.
हिरो डोळे बारीक करून बघायचा,
ते मार्चनंतर आम्ही सगळेच करतो.

गोष्ट सरळ. पाच माणसं. तो एकेकाला गाठतो.
का, ते चौथ्या रिळात.
मी ते कधी बघितलं नव्हतं.
ते पडद्यावर असायचं तेव्हा मी सहावं आणायला
रस्त्यावर असायचो.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी,
चौथं रीळ वीरेशला पोचलंच नाही.
मैनुद्दीन थांबला, शिट्ट्या झाल्या, खुर्च्या वाजल्या,
मग त्यानं सरळ पाचवं लावलं.

तशा टाळ्या आधी कधी पडल्या नव्हत्या.
"का मारलालाय बे त्याला?"
"बोनस बुडवला असंल."
कारखान्याला दांडी मारून आलेली नरसम्मा ओरडली,
शंभरातल्या दहा विड्या छाट म्हणून काढतो मेला,
आणि तीच छाट विकून खातो, हाण त्याला!
दशरथ न्हाव्याला वाटलं, बहिणीचं काहीतरी.
तो रडला.
बाल्कनीतला एक सूतव्यापारी
शेवटच्या गोळीआधी उठून गेला.

हे मला पोचय्यानं सांगितलं.
मी नव्हतो.

मी मिलच्या गेटसमोर होतो,
एक पाय जमिनीवर, एक पॅडलवर.
इराप्पा जॉबर माझ्या बापाची कॉलर धरून विचारत होता,
टॉवेल कुठं लपवलास, सायण्णा?
टॉवेल नव्हता.
धोतर सोडायला लावलं, तरी नव्हता.
जेवणाच्या सुट्टीतली अख्खी पाळी बघत होती.
बापानं मला बघितलं,
मग बघितलं नाही असं केलं.
पाठीमागं डबा तापत होता.

मॅनेजरला सांगितलं, चेन पडली.
त्यानं दोन दिवसांचा पगार कापला.
रात्री बापानं भाकरी मोडता मोडता विचारलं,
सिनेमा कसा चाललाय?
म्हटलं, फुल्ल.

पुढं मी काही केलं नाही.
हे सांगून टाकलेलं बरं,
नाहीतर ऐकणारा उगाच सरसावून बसतो.
मिल बंद पडली. भोंगा गेला,
मग किती दिवस शहराला वाजले किती ते कळेना.
इराप्पा लकव्यानं गेला. त्याच्या मातीला गेलो होतो मी,
चार लोकांबरोबर मूठभर माती टाकली.
मूठ उघडायला जरा वेळ लागला,
एवढंच.

गेल्या उन्हाळ्यात नातवानं मोबाईलवर
तोच सिनेमा हुडकून दिला. अख्खा.
चौथ्या रिळाची जागा आली,
पडद्यावर एक दार उघडायला लागलं,
तसा मी मोबाईल चादरीवर उपडा ठेवला
आणि सुपातल्या शेंगा पुढं ओढल्या.

पोरगं बघतच राहिलं.
ताता, एंदुकु? म्हणालं. का?

चादरीखालून बारीक काहीतरी ऐकू येत होतं,
घोडा असंल, नाहीतर बाई.
किडक्या शेंगा मी एका बाजूला काढत राहिलो.