लागू नसेल ते खोडावे

जमादार आला तेव्हा मी भरताची वांगी भाजत होते,
कपाशीच्या काड्यांवर.
त्याने हेल्मेट ओट्यावर ठेवलं, पाणी प्यायला,
आणि खिशातून कागद काढला,
नाशिकरोडहून निघालेला, तीन सह्या होऊन आलेला.
चावदस उखा. वय एकोणऐंशी.
भोगलेली शिक्षा एकतीस वर्षं, चार महिने.
मुदतपूर्व सुटकेस मयताच्या वारसांची
हरकत आहे / हरकत नाही.
खाली बारीक अक्षरात: लागू नसेल ते खोडावे.

नऊ वर्षांची होते. जळगावच्या कोर्टात
मला स्टुलावर उभं केलं, पिंजरा उंच म्हणून.
वकील म्हणाला, बाळ, कोण होता तो?
मी बोट केलं.
घरी येताना एस.टी.त
ते बोट मी फ्रॉकमध्ये लपवून ठेवलं होतं.

पाटाच्या पाण्याची पाळी, एवढंच कारण.
घड कापायचा कोयता.
आधी दुरसिंग, आमचा सालदार, मध्ये पडला म्हणून.
मग अण्णा.
निकालानंतर सदरा परत मिळाला, आईने धुतला.
रक्त फिकं झालं.
केळीच्या चिकाचे डाग होते तसेच राहिले.

ताई, आता काय उरलंय त्याच्यात, जमादार म्हणाला.
चमचा तोंडापर्यंत जात नाही.
आंघोळ दुसरा कैदी घालतो.

अण्णांना चौतिसावं चालू होतं, मी म्हटलं.
मी आता त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी आहे.
गुडघा धरून उठते तेव्हा वाटतं,
त्यांचा कोणता दुखला असता, डावा की उजवा.
म्हातारपणाची सूट मिळते म्हणता,
पण आधी म्हातारपण मिळावं लागतं ना?

तो गप्प. वांग्याची साल तडकली.

आता खरं आहे तेही सांगते.
एक म्हातारा बराकीत अंथरूण ओलं करतो
हे ऐकून मला बरं वाटलं नाही.
वाटेल असं वाटलं होतं.
एकतीस वर्षं तयारी केली होती त्याची.

दुरसिंगच्या घरी गेला होतात का कागद घेऊन?
जमादाराने कागद उलटून पाहिला.
पत्ता नाही म्हणाला, सातपुड्यात कुठंतरी.
त्याची बायको भोंगऱ्याच्या बाजाराआधी यायची,
आई तिला पायलीभर ज्वारी द्यायची.
मग ती यायची थांबली.
तिची हरकत आहे की नाही?

जाता जाता, गाडीला किक मारताना, तो म्हणाला,
त्याला तर आठवतही नाही काही.
पहाटे उठून वॉर्डरला विचारतो,
केयीले पानी देलं का?

म्हणजे विसरला.
पाळी, पाट, कोयता, अण्णांनी वर केलेला हात,
सगळं माझ्या एकटीच्या नावावर चढलं,
सातबाऱ्यावर चढावं तसं.
तो तर सुटलाच आहे.
त्या सुटकेला कुणाची हरकत विचारली होती?

रात्री दोनला लाइट आली.
बॅटरी घेऊन मळ्यात गेले, मोटार चालू केली,
बांधावर बसले. त्याच बांधावर. दुसरा नाही आम्हाला.
पाणी खोडांमधून सरकत होतं,
आणि मी, माझ्याही नकळत,
मोठ्याने म्हटलं, देलं रे बाबा, देलं.
मग स्वतःचाच इतका राग आला
की बॅटरी बंद करून अंधारात बसून राहिले.

समजा, आला.
स्टँडवर उतरला, पिशवी घेऊन.
त्याचं घर भाच्याने कधीच विकलं,
तिथे मोबाइलचं दुकान आहे.
पोरं विचारतील, बाबा, कुणाकडे जायचंय?
तो नाव सांगेल. स्वतःचं सांगेल,
किंवा कुणास ठाऊक,
जिभेवर राहून गेलेलं एखादं, अण्णांचंच.
आणि पोरं, चांगली पोरं, त्याचा हात धरून
त्याला माझ्या दारात आणून सोडतील.

जमादार शुक्रवारी परत येणार आहे.
त्याचं पेन माझ्याकडेच राहिलंय.