बारा बादल्या

घरात तीन यंत्रं, तिन्ही वेगळ्या जातीची.
यांचा जुना डबा, सोसायटीच्या लिलावातला,
सुरू होताना घसा खाकरतो.
देवकाचा लॅपटॉप, पाठीवर पेंग्विन,
काळ्या पाटीवर पांढरं लिहीत बसणारा.
आणि थोरल्या जावईबापूंचं उष्टं सफरचंद,
आमच्या घरचं चार्जरही ओठाला न लावणारं.
आठ दिवसांसाठी आले होते. महिना झाला.

मधल्या खोलीच्या दिवळीत राउटर,
चार हिरव्या डोळ्यांचा.
एक मिटला की नव्या खोलीतून हाक,
"गेलं का? तुह्याकडं हाय का?"
"माह्याकडं हाय, पन नाई."
असून नसणं
या घरात आधी फक्त माझ्या मोठ्या जावेला जमायचं.

मार्चपर्यंत कशाची तक्रार नव्हती.
एप्रिलात बिघडलं.

बंद करून सुरू केलं.
मग बंद करून, दहा मोजून, सुरू केलं.
दारव्ह्याहून सुखदेव वायरमन आला,
पिन काढली, फुंकली, लावली,
चहा घेतला.
"लाइन ओके हाय, काकू. भानगड मशिनीत हाय."

देवकानं रात्र जागून एक भानगड काढली.
दोन यंत्रांचा पत्ता एकच, शेवटी पाच.
यांनी तो कधीकाळी हातानं टाकला होता,
कायमचा, सातबाऱ्यावरच्या नावासारखा,
आणि राउटरनं तोच काढून जावयाला दिला.
म्हणजे गावात श्रावण मेश्राम दोन
आणि पोस्टमन नवीन.
"मीच काऊन बदलू?" हे म्हणाले,
"पाव्हण्याले द्या दुसरा."
"बाबा, इथं मान नसते. नंबर असते."
हे झोपल्यावर तिनं एक खूण तेवढी बदलली.
सकाळी डबा नव्या पत्त्यावर जागा झाला,
खाकरला,
काही बोलला नाही. यांनाही कळलं नाही.

तरी नेट लंगडतच होतं.
मग तिनं भिंतीला कागद डकवला:
सात, नाही.
नऊ, नाही.
अकरा, थोडं थोडं.
दोन, एकदम मस्त.
चार, नाही.
तिघं त्याच्यापुढे उभे, जसे बोर्डाच्या निकालापुढे.
जावईबापू म्हणाले, टॉवरवर लोड येत असेल.
हे म्हणाले, उन्हाचं असते.

मी पोळ्या लाटता लाटता वाचलं
आणि मला माझाच दिवस लिहिलेला दिसला.
साडेसहाला मी कूलर भरते, बारा बादल्या.
अकराला पाणी अर्ध्यावर येतं.
दोनला तळ लागतो, पंपाला नुसती घरघर,
तेव्हा सगळे आडवे असतात.
साडेतीनला मी उठते आणि पुन्हा बारा.
भिंत दीड हात जाड, मातीची.
तिला खिडकी एकच,
आणि खिडकीत तो, पत्र्याचा, पोटभर पाणी प्यालेला.
दिवळीतून नव्या खोलीत जायला
दुसरी वाट आहे कुठं?

बोलले नाही. त्या दिवशी साडेतीनला उठलेच नाही.
चार वाजता चारही डोळे हिरवे,
तिन्ही पडदे पळताहेत,
आणि घामानं निथळत तिघं दारात.
"नेट तं झकास हाय, पन कूलरले काय झालं?"
"काई नाई झालं," म्हटलं. "भरला नाई."

देवका माझ्याकडं बघत राहिली.
कागदावर कारणाच्या रकान्यात
तिनं आधी 'आई' लिहिलं,
मग हसून खोडलं, 'पाणी' केलं.

आता राउटर आढ्याच्या बल्लीला टांगलाय,
साडीच्या काठानं बांधून, कूलरच्या डोक्यावरून बघत.
सुखदेवला यांनी सांगितलं,
"म्याच म्हटलं होतं, उंची पाह्यजे."

मी अजून साडेतीनलाच उठते.
पहिली बादली, दुसरी, तिसरी.
नव्या खोलीतून हाक येत नाही.
बाराव्या बादलीपर्यंत
कुणाचंच काही अडत नाही आता.