रिकामा कॅन

धूर आधी पोरांना दिसतो.
मागे धावतात, ढगात शिरतात,
मी ओरडतो, पण मशीनचा आवाज माझ्याहून मोठा.
डिझेलचा वास, तोंडावर ओला रुमाल.
औषध म्हणायचं, साहेबांनी बजावलंय,
विष म्हटलं की लोक खिडक्या लावून घेतात.

गेल्या भादव्यात ट्रॉम्बे कोळीवाड्यात
घमाजी नाखव्याची नात सहा दिवस तापात,
रोज प्लेटलेटचा आकडा घेऊन
तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचा.
सातव्या दिवशी आला नाही.
तेव्हा डास काय करतो
ते मला शिकवू नका.

ओहोटीला तिवरांच्या मुळांशी
बशीबशीएवढी डबकी राहतात.
मी तेल सोडतो. तवंग पसरतो,
मोरपंखी, बघत राहावा असा.
अळ्या श्वासाला वर येतात
आणि दार लागलेलं असतं.

परवा बांधावर चतुर पडलेले,
सतरा मोजले, मग सोडून दिलं.
चतुर डास खातो
हे आठवीतल्या भाच्यानं सांगितलं,
ट्रेनिंगमध्ये नव्हतं.

चांगुणाबाई वैती गुडघाभर चिखलात
निवट्यांची बिळं चाचपत होती.
टोपलीत चार.
"पान्यावर कं वतलंस रं?"
औषध, मी म्हटलं.
"कोनाला बरं करतंस?"

मी पाईप गुंडाळत राहिलो.
जाताना तिनं रिकामा कॅन मागितला.
नियम असा, की भोक पाडून स्टोअरला जमा करायचा.
मी दिला. का दिला, माहीत नाही.
पिऊ नका हां, म्हटलं, भांड्यालाच.

पंधरा दिवसांनी तपासणीला गेलो,
मोरीमागे तोच कॅन, काठोकाठ.
टॉर्च मारला.
कवटीच्या चित्रामागे, पाण्यात,
अळ्या. खूप. निवांत.
खाली जायच्या, वर यायच्या,
जणू त्यांच्याच नावावर खोली होती.

मी पाणी ओतलं, कोयता मागितला.
ती कॅनवर हात ठेवून उभी राहिली.
"नळ तिसऱ्या दिवशी येतं.
भोक मारशील त मी कशान भरू?"

मग आत गेली,
जुन्या लुगड्याचा तुकडा आणला,
कॅनच्या तोंडावर ताणला,
जाळं विणायच्या दोऱ्यानं आवळला.
माझ्याकडे बघितलं, चालेल का, अशी.

नोंदवहीत रकाने तीन:
ठिकाण, वेळ, लिटर.
लुगडं कुठं लिहायचं?
बाहेर मशीन गार पडलं होतं,
आणि पोरं
धुराची वाट बघत रांगेत उभी.