नमुन्याचे काय झाले?

समितीपुढे दोन वह्या.
चित्रे सरांची निळी, कोपऱ्यांना वाळवीने खाल्लेली.
अमीनसाहेबांची लाल पुठ्ठ्याची, तारखा गुजरातीत.
दोघेही आता नाहीत. वाद आहे:
बडोद्याच्या त्या जुन्या प्रयोगशाळेबाहेर
पितळी पाटी लागणार, तिच्यावर
पहिलं नाव कुणाचं.

इतिवृत्त लिहायला मी.

चुंबकाला उतार द्यायचं चित्र्यांनाच सुचलं, असं त्यांचे शिष्य.
सुचतं काय, कुणालाही; चित्र उमटवलं अमीनांनी,
असं त्यांचे.
चहा तीनदा झाला.

मग भिकाजी खानविलकरांना आत बोलावलं.
वर्कशॉपमधून निवृत्त, वय एक्क्याऐंशी.
तांब्याची तार ओढून ओढून बोटं गुळगुळीत,
रेशनच्या यंत्रावर ठसा लागत नाही म्हणाले.

"वेटोळी तुम्ही गुंडाळलीत?"
"तीनशे बारा. एक सैल पडलं,
सगळी उसवून पुन्हा."
"तारीख सांगता येईल?"
"सीताफळं सुरू झाली होती."
कुणीतरी हसलं.
"खंडेराव मार्केटातून मीच आणलं.
लहानात लहान, टणक. मोठं नळीत जाईना.
रात्रभर यंत्राची ठकठक.
पहाटे कागदावर राखाडी गोल आला,
आत काळ्या बिया.
चाकू न लावता, साहेब."

"पण आधी कुणाच्या मनात आलं?"
खानविलकर घुमटावरच्या कबुतरांकडे बघत राहिले.
"मी तारेपाशी होतो.
मनातलं मला कुठून दिसणार?"

अध्यक्षांनी चष्मा पुसला.
"बरं, नमुन्याचे काय झाले?"
"चार दिवसांनी पिकलं. खाल्लं."
"कुणी?"
"दोघांनी. एकाच चमच्याने, भांडत भांडत.
तळाचं मला दिलं.
बिया मी मोजल्या: चित्रात अकरा,
बशीत तेवीस."
"म्हणजे चित्र चुकलं?"
"नाही हो. चित्र एकाच कापाचं असतं."

हे लिहू नका, अध्यक्ष मला म्हणाले.
मी लिहिलं, नमुना उपलब्ध नाही.

सही करताना म्हाताऱ्याचा हात फार कापला,
म्हणून अंगठा घेतला.
हजेरीच्या कागदावर एक निळा गोल,
आत रेघ एकही नाही.

मी तो फाइलला लावला.