तरी

चार दिवस. काम एकही नाही.
अकोल्याहून निघताना पिशवीत दोन सदरे,
रक्तदाबाच्या गोळ्या, आणि गुप्तेबाईंसाठी
हरभऱ्याच्या वाळवलेल्या भाजीची पुडी.

याआधी बडोद्याला वीसेक वेळा आलो असेन,
दर वेळी कुणाच्या ना कुणाच्या
जळालेल्या गोदामाची राख मोजायला.
स्टेशन, रिक्षा, पंचनामा, स्टेशन.
शहराची चव म्हणजे फलाटावरचा चहा.

गुप्तेबाई आमच्या शाखेत आवक-जावक बघायच्या.
दांडिया बाजारातला जिना चढून गेलो तर
डाळिंब्या सोलून तयार, नारळ खोवलेला.
‘बस रे निवांत, उतावळ कसली?’
बिरड्यात गूळ एक खडा जास्तच होता.
बडोद्यात पन्नास वर्षं राहिलं की
हात आपोआप गुळाच्या डब्याकडे जातो म्हणाल्या.
तीनदा वाढलं. चौथ्यांदा विचारलंही नाही.
दुपारी त्यांच्या झोपाळ्यावर मी असा झोपलो
की उठल्यावर क्षणभर गावच आठवेना.

दुसऱ्या दिवशी इंदुभाईंच्या गच्चीवर पोंक.
कोवळी ज्वारी, वर शेव, वर लिंबू,
आणि थंडी इतकीच, की ऊन हवंसं वाटावं.
अकोल्यात ज्वारीत जन्म गेला माझा,
पण ती अशी हिरवी, हुळहुळती
मुठीत घेऊन खायची असते,
हे इथे येऊन कळलं, त्रेसष्टाव्या वर्षी.
मग सुरसागरच्या कठड्यावर
तासभर काहीच न बोलता बसलो दोघं.
इंदुभाईंनी मधेच एकदा म्हटलं, ‘सारुं.’
मीही म्हटलं, ‘बरं.’

तिसऱ्या दिवशी दुष्यंत शिर्के.
अग्निशमन दलात होता. आमची ओळख राखेतली.
ढिगाऱ्यापाशी उभा राहून नुसता श्वास घ्यायचा
आणि सांगायचा: ‘सूत नाही, साखर.
आधी वायर, मग साखर. लिही.’
मी लिहायचो. त्याचं नाक कधी चुकलं नाही.

तेच नाक आता गेलं.
तापात गेलं, परतलं नाही. दोन वर्षं झाली.
‘खिचडी खातो, खडू खातो, एकच.
सून बिचारी फोडणी देते नियमाने.’
मी काय बोलणार? हातातली
हिरव्या चिवड्याची पुडी मागे सरकवली.
त्याने बघितलंच.
‘लपवतोस काय? खा. आणि सांग.’

तर असा मी त्याच्यासमोर बसून खाल्लं,
आणि पहिल्यांदा पंचनामा माझा झाला.
आंबट कितपत? आधी की नंतर?
गोड कुठे लागतं, जिभेच्या टोकाला की गिळताना?
बेदाणा आहे का? हिरवी मिरची की लाल?
मी म्हटलं, छान आहे.
‘छान हा पुरावा होत नाही,’ तो म्हणाला.
मग मी डोळे मिटले. सावकाश चावलं.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा एवढं सावकाश.
गुप्तेबाईंचं बिरडं सांगितलं, गुळाच्या खड्यासकट.
पोंक सांगताना मधेच अडलो:
हिरव्या वासाला मराठीत शब्दच सापडेना.
‘पाऊस लागलेल्या गंजीसारखा?’ त्याने विचारलं.
नाही. पण जवळ आलास.

चौथ्या दिवशी निरोप द्यायला स्टेशनवर आला.
गाडीला वेळ होता. समोरच शेव-उसळीचं दुकान.
‘एक नाही, दोन सांग,’ म्हणाला.
म्हटलं, अरे पण तुला...
‘सांग.’

लाल रस्सा, वर शेवेचा डोंगर, कांदा, पाव.
पहिल्या घासाला काही नाही.
तिसऱ्या घासाला कपाळावर घाम,
डोळ्यांत पाणी, नाक वाहू लागलेलं,
तेच नाक, निकामी.
रुमालाने टिपत, हाशहुश करत तो खात राहिला.
विचारलं, लागतंय का काही?

‘छे,’ म्हणाला. ‘काडीची चव नाही.’
आणि बशीत अर्धा पाव कोरडा उरलेला बघून
पोऱ्याला मोठ्याने हाक मारली,
‘तरी!’

पोऱ्या किटली घेऊन आला.
गाडीला अजून वीस मिनिटं होती.