त्रैमासिक तपासणी

मला पोहता येत नाही.
तरी दर तीन महिन्यांनी साताऱ्याहून
कासमार्गे बामणोली, पुढं लाँचनं पलीकडे,
पाण्याखाली जाणाऱ्यांना
पास-नापास करायला.

सिलिंडरवरचा शिक्का, डॉक्टरचा दाखला,
सह्या तीन प्रतींत,
दोन पर्यटकांमागं एक प्रशिक्षक.
महिपती उतेकर सगळं निमूट दाखवतो.
त्याच्या आजोळची शिवारं इथंच खाली आहेत.
तीही कागदावर आधी बुडाली,
पाणी मागनं आलं.

"सायेब, खाली दाखला कोण वाचतं? मासं?
माणूस घाबरला की दम कोंडतो, वर पळतो.
तवा त्याचा हात धरावा लागतो.
हे कुठल्या कलमात बसतंय?"

मी फाईल चाळत राहिलो.

मार्चमध्ये मीच एक सिलिंडर बाजूला काढला होता,
चाचणीची तारीख उलटून चौदा महिने झालेला.
महिपती तेव्हा आठ दिवस बोलला नव्हता.
तो फुटला असता का, कोण सांगणार?
न घडलेल्याचा पंचनामा नसतो.

आणि शिक्का बरोबर असलेल्या त्या दुसऱ्या सिलिंडरचं
तोंड खाली गळत होतं,
ते महिपतीनं नुसत्या कानानं ओळखलं.
तेही फाईलीत नाही.

शेरा लिहिला: समाधानकारक.
मग 'सध्या' हा शब्द अलीकडे घुसवला.

परतीच्या लाँचमध्ये आम्ही अकराजण,
जाकीट एकच, एका बाजूनं उसवलेलं.
लाँच माझ्या खात्यात येत नाही.
मी ते जाकीट घातलं.